पुढच्या चाकातून घुर्रर्र आवाज, बेअरिंग बदलूनही परत आला

मोकळा रस्ता

नमस्कार मंडळी. गाडी दीडशे सीसीची, पुढे स्पोकचं १८ इंची चाक, डिस्क ब्रेक, मीटर केबलवर चालणारा. काही महिन्यांपूर्वी पुढच्या चाकातून घुमल्यासारखा आवाज यायला लागला म्हणून दोन्ही बेअरिंगं बदलून घेतली. थोडे दिवस गाडी एकदम शांत चालली. आता तोच आवाज पुन्हा सुरू झालाय.

ताशी ३० च्या पुढे सुरू होतो, ४५ ते ६० मध्ये सगळ्यात जास्त, तेव्हा हँडलच्या मुठीतही बारीक थरथर लागते. शिवाय अगदी सावकाश जाताना चिरक्... चिरक्... असा वेगळाच आवाज येतो. हा पहिल्या आवाजाचाच भाग आहे की वेगळा, ते ठरवता येत नाहीये. आणखी एक गोष्ट, संबंध आहे की नाही माहीत नाही, पण सांगून ठेवतो. खडबडीत रस्त्यावरून आलं की पुढच्या ब्रेकची लिव्हर पहिल्या दाबाला खोल जाते. दुसऱ्यांदा दाबली की बरोबर जागेवर लागते.

गॅरेजमध्ये सांगितलं की बेअरिंग, डिस्क प्लेट आणि टायर, तिन्ही बदलून टाका. भाग बदलायला माझी ना नाही. पण नवं बेअरिंग इतक्यात का गेलं ते कळल्याशिवाय तिसरी जोडी बसवायची नाहीये. कसं शोधावं?

पावसाळी

आधी टायर बघा. हवा कमी ठेवून बरेच दिवस चालवली असेल तर पुढच्या टायरच्या गुट्ट्या एका कडेने जास्त झिजतात. वरून छान दिसतो, पण टायरवरून तळवा फिरवला की कळतं. एका दिशेने गुळगुळीत लागतो आणि उलट फिरवला की दाते लागतात. असा टायर डांबरी रस्त्यावर अगदी बेअरिंगसारखा घुमतो. टायरवरचा बाणही बघून घ्या, चाक काढून घातलं असेल तर कधी कधी उलटं बसवलेलं असतं.

सरळ हँडल

चिरक् चिरक् म्हणजे डिस्क पॅडला घासतेय. पॅड झिजून लोखंडाला लोखंड लागत असेल तर ताबडतोब बदला, डिस्कचं वाटोळं होतं. घुर्रर्र बेअरिंगचाच असणार. उजवीकडे वळताना वाढला तर डावं बेअरिंग खराब, डावीकडे वळताना वाढला तर उजवं.

तेलकट हात

थांबा मंडळी, पाना हातात घ्यायच्या आधी आवाजाला थोडे प्रश्न विचारू. चाक उघडलं की आवाज बंद, मग विचारणार कोणाला?

मोकळा रस्ता, मोकळ्या सरळ रस्त्यावर एवढं करून बघा. मागेपुढे कोणी नसताना.

५० ला आवाज पूर्ण येत असताना क्लच दाबा आणि इंजिन आयडलवर येऊ द्या. आवाज आहे तसा राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबरच हळूहळू उतरला, तर तो चाकाकडचा. इंजिनबरोबर खाली गेला, तर पुढचं चाक सोडून द्या, इंजिनचे किंवा सायलेन्सरचे माउंटिंग बघा. हे पहिल्यांदा करायचं, कारण चेनचा आणि इंजिनचा आवाज चेसिसमधून पुढे येतो आणि हेल्मेटच्या आत तो हमखास हँडलखालून आल्यासारखा वाटतो.

मग पुढचा ब्रेक अगदी हलका, डिस्कला पॅड नुसते टेकतील इतकाच लावा. कोणता आवाज थांबतो, कोणता चालू राहतो? दोन्ही वेगवेगळे नोंदवा.

मग रस्ता बदलला की काय होतं ते बघा. काँक्रीटवरून डांबरावर, डांबरावरून मातीवर. टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो. बेअरिंगला खाली कोणता रस्ता आहे याचं काही पडलेलं नसतं.

शेवटी, थोडं अंतर पुढचा ब्रेक न लावता चालवून थांबा आणि हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, हात लावून बघा. डिस्कला हात लावू नका, चटका बसेल, नुसता जवळ नेऊन बघा. ब्रेक न लावताही डिस्क तापली असेल तर पॅड चिकटून राहतायत. डिस्क थंड आणि हब गरम असेल तर बेअरिंग आतून रगडतंय.

अक्षरेखा

काकांशी सहमत. त्यात एका मोजणीची भर घालते, कारण मला यातला सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच वाटतो: चाकाच्या एका फेऱ्यात आवाज किती वेळा येतो?

१८ इंची चाकाचा टायरसकट घेर साधारण १.९ मीटर भरतो. (टायरवर खडूची खूण करा, गाडी एक पूर्ण फेरा ढकला आणि जमिनीवरचं अंतर मोजा.) ताशी २० म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन फेरे. त्या वेगाला चिरक् सेकंदाला तीनदा येत असेल, तर फेऱ्याला एकदा. मग दोषी वस्तू चाकाबरोबर फिरणारी आणि एकाच जागी असलेली हवी: डिस्कवरचा उंचवटा, टायरमध्ये रुतलेला खिळा किंवा खडा, रिमचा आउट (फिरताना डोलणं), सुटलेला एखादा स्पोक.

बेअरिंग असं वागत नाही. त्यात सात-आठ गोळ्या असतात आणि रेसवर (गोळ्या ज्यावरून धावतात त्या कड्यावर) एका जागी खड्डा पडला की चाकाच्या एका फेऱ्यात अनेक गोळ्या त्यावरून जातात. पुढच्या चाकात आतली रेस एक्सलवर स्थिर असते आणि बाहेरची हबबरोबर फिरते. आतल्या रेसवर खड्डा असेल तर फेऱ्याला चार-पाच ठोके पडतात. ताशी ५० ला चाक सेकंदाला सातेक फेरे घेतं, म्हणजे तीसेक ठोके. इतके ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची सलग घुर्रर्र होते. म्हणून ३० च्या आत बेअरिंग गप्प वाटतं आणि पुढे एकदम घुमायला लागतं.

सरळ हँडल, वळणाचा तुमचा नियम चारचाकीचा आहे. गाडी आडव्या बाजूने ढकलली जाते तेव्हा एका बाजूच्या चाकांवर भार जातो. दुचाकी वळताना झुकते, त्यामुळे भार जवळजवळ चाकाच्या पातळीतच राहतो आणि डावं-उजवं बेअरिंग त्यावरून ओळखता येत नाही. दुचाकी झुकवल्यावर आवाज ठळकपणे बदलला तर मी आधी टायरच्या कडेकडे बघेन, कारण रस्त्याला लागणारी पट्टी बदलली.

सरळ हँडल

हे पटलं. धन्यवाद ताई.

मोकळा रस्ता

सगळं करून बघितलं.

क्लच दाबला तरी घुर्रर्र तसाच, गाडीच्या वेगाबरोबर उतरतो. डांबर, काँक्रीट, दोन्हीकडे सारखाच. डावीकडे-उजवीकडे हलकं झुकवून पाहिलं, फारसा फरक नाही. टायरवर तळवा फिरवला, दोन्ही दिशांनी सारखाच लागतो, बाणही बरोबर आहे.

पुढचा ब्रेक हलका टेकवला की चिरक् बंद होतो. घुर्रर्र चालूच. चिरक् मोबाइलवर रेकॉर्ड करून मोजला, फेऱ्याला बरोबर एकदा.

ब्रेक न लावता चालवून हात लावला. डिस्क कोमट, हब मात्र चांगलाच गरम, त्यातही मीटरच्या बाजूला जास्त.

म्हणजे आवाज दोन आहेत, बरोबर?

तेलकट हात

बरोबर. घुर्रर्र बेअरिंगकडचा आणि चिरक् डिस्कचा. दोघांना वेगवेगळं धरायचं, नाहीतर एक दुरुस्त करून दुसरा ऐकू आला की माणूस म्हणतो काहीच उपयोग झाला नाही.

आता गाडी मेन स्टँडवर. पुढचं चाक अधांतरी राहायला हवं. मागे कोणाला तरी धरून बसवा किंवा इंजिनखाली लाकूड ठेवून जॅक लावा. जॅक सायलेन्सरच्या पाइपावर किंवा ऑइल फिल्टरवर टेकवू नका. गाडी हलवून बघा, डुगडुगत असेल तर पुढचं काही करू नका.

कॅलिपरचे (डिस्कवर बसणारा, पॅड धरणारा भाग) दोन बोल्ट काढा आणि कॅलिपर बाजूला करून तारेने शॉकअपला बांधा. ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवायचा नाही. दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी किंवा लाकडाची चिपटी घाला, म्हणजे चुकून कोणी लिव्हर दाबली तरी पिस्टन बाहेर येणार नाही. मीटरची केबलही खालून सोडवा. केबल कोरडी पडली असेल तर तीही चिरचिरते, पण तेव्हा मीटरचा काटा थरथरतो, तुमचा थरथरत असेल असं वाटत नाही.

आता हाताने चाक फिरवा. दुसऱ्या हातात लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक एक्सलच्या तोंडाला टेकवा आणि मूठ कानापुढच्या हाडाला. एक्सल फिरत नाही, त्यामुळे धोका नाही, फक्त टोक स्पोककडे आणि डिस्ककडे जाऊ देऊ नका. चांगल्या बेअरिंगचा सरसर असा एकसारखा आवाज येतो. खराब असेल तर वाळू दळल्यासारखा. दोन्ही बाजूंनी ऐका. मग चाक वर-खाली आणि नंतर पुढे-मागे अशा दोन ठिकाणी धरून आडवं हलवून बघा, हबपाशी टिक् टिक् असा खेळ लागतो का. हे करताना दुसऱ्याने शॉकअप खालून घट्ट धरायला हवेत, नाहीतर कोन सेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगांचा, ढिलेपणा चाकाचा वाटतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दडलेलं वाटतंय: शॉकअपच्या खालचा, एक्सलला चिमटून धरणारा पिंच बोल्ट आणि मग एक्सलचा नट सैल करा आणि चाक फिरवून बघा. मग नट पुन्हा पुस्तकातल्या टॉर्कला (आवळायच्या ठरवून दिलेल्या जोराला) आवळा आणि परत फिरवा. फरक पडतो का ते सांगा.

पावसाळी

तोपर्यंत गाडी चालवली तर चालेल का? घुमण्याने काय होतं, बरेच लोक वर्षभर तशीच चालवतात.

अक्षरेखा

नाही चालवू नये, आणि हे मी अगदी मनापासून सांगते. हब गरम होतोय आणि खडबडीत रस्त्यानंतर लिव्हर खोल जातेय, या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. बेअरिंगमध्ये खेळ आला की चाक किंचित कलतं, डिस्क त्याच्याबरोबर डोलते आणि पॅडना, पर्यायाने पिस्टनना मागे ढकलते. मग पहिल्या दाबात तेल फक्त पिस्टन परत जागेवर आणण्यात खर्ची पडतं. अचानक ब्रेक लावायची वेळ आली तर तो पहिला दाबच हातात असतो. शिवाय गोळ्यांमधली जाळी तुटली तर बेअरिंग जाम होऊ शकतं किंवा चाक एकदम डोलायला लागतं. मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं तर माणूस सावरतो. पुढच्याला तेवढी संधी मिळेलच असं नाही.

मोकळा रस्ता

गाडी उभीच ठेवली आहे.

काका, तुमचा अंदाज लागू पडतोय. नट सैल असताना चाक बऱ्यापैकी मोकळं फिरतं, थोडी खरखर आहे. आडवं हलवलं तर हबपाशी खेळ स्पष्ट लागतो. टॉर्कला आवळलं की खेळ जवळजवळ गायब, पण चाक जड होतं आणि स्क्रू ड्रायव्हरमधून वाळूचा आवाज दुप्पट. मीटरच्या बाजूला जास्त. हे नेमकं काय चाललंय?

सरळ हँडल

मग नट अर्धा आटा सैल ठेवून स्प्लिट पिन मारा की. चाक मोकळं फिरेल.

तेलकट हात

असं कधीही करू नका. एक्सल आवळलेला असतो तेव्हाच दोन्ही शॉकअप, कॉलर आणि बेअरिंगच्या आतल्या रेस मिळून एक घट्ट सांगाडा होतो. सैल ठेवला की आतली रेस एक्सलवर फिरायला लागते आणि एक्सल कापत जाते. नट टॉर्कलाच आवळलेला हवा, आणि तसा आवळूनही चाक मोकळं फिरायला हवं. फिरत नसेल तर चूक आत आहे.

हबच्या आत दोन्ही बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, तिला कोणी कॉलर म्हणतं, कोणी बुश, कोणी स्पेसर. दिसायला साधी, पण सगळा हिशोब तिच्यावर. बेअरिंगच्या बाहेरच्या रेस हबमधल्या खाचेवर टेकतात आणि आतल्या रेस या कॉलरवर. नट आवळला की त्याचा सगळा जोर आतल्या रेसमधून कॉलरमध्ये जायला हवा, गोळ्यांवर येता कामा नये.

कॉलर आखूड असेल तर नट आवळताना दोन्ही आतल्या रेस एकमेकींकडे खेचल्या जातात. बाहेरच्या रेस खाचेवर अडलेल्या असतात, मग मधल्या गोळ्या चेपल्या जातात. तुमची लक्षणं ही आहेत: सैल असताना मोकळं, आवळल्यावर जड. दुसरा प्रकार उलटा असतो. दुसऱ्या बाजूचं बेअरिंग ठोकताना कॉलरला टेकल्यावरही ठोकतच राहिलं, तर आतल्या रेस बाहेरच्या बाजूला ढकलल्या जातात. तेव्हा नट सैल असतानाही चाक जडच फिरतं.

आवळल्यावर जड होण्याचं आणखी एक कारण आहे, चाक उघडाल तेव्हा बघा. मीटरच्या वर्मचे (चाकापाशी केबल फिरवणाऱ्या गिअरचे) दोन कान हबमधल्या खाचांत नीट न बसवता आवळले तर तेही अडकतं. पण मग कान वाकतात आणि मीटर बंद पडतो. तुमचा चालू आहे, म्हणून माझा संशय कॉलरवर.

अक्षरेखा

बेअरिंग काढलंत की टाकून देऊ नका. रबरी सील काढून रॉकेलने धुवा आणि रेसवर गोळ्यांनी पाडलेला चकचकीत पट्टा बघा. भार नीट असेल तर तो खोबणीच्या मधोमध असतो. कॉलर आखूड असेल तर आतल्या रेसवर पट्टा चाकाच्या बाहेरच्या अंगाला सरकलेला दिसेल आणि बाहेरच्या रेसवर आतल्या अंगाला. कुठलं बेअरिंग कुठल्या बाजूचं, ते काढतानाच मार्करने लिहून ठेवा, नंतर कळत नाही.

मोकळा रस्ता

चाक उघडलं.

मीटरच्या बाजूचं बेअरिंग बोटाने फिरवलं तर अडखळत फिरतं. सीलखाली ग्रीस ताज्यासारखं पिवळसर नाही, विटकरी झालंय. धुतल्यावर आतल्या रेसचा पट्टा स्पष्टच बाहेरच्या अंगाला आहे, आणि एका बाजूला तो चकचकीत नसून राखाडी, नखाला खरखरीत लागतो. बाहेरच्या रेसचा पट्टा आतल्या अंगाला. ताईंनी सांगितलं तसंच.

पण खरी गोष्ट कॉलरमध्ये निघाली. एका टोकाची कड ठोकून पसरलेली दिसते आणि मग ती कानशीने घासून सपाट केलेली आहे. कानशीच्या रेघा अजून ताज्या दिसतात. टोक काटकोनातही नाही. काचेवर उभी केली तर एका बाजूने प्रकाश दिसतो. व्हर्निअरने मोजली, ६०.१ मिमी. हबची एकूण रुंदी वजा दोन्ही बाजूंच्या खाचांची खोली केली तर खाच ते खाच अंतर ६०.४ येतं.

तेलकट हात

झालं, सापडलं. जुनी बेअरिंगं बाहेर काढताना छिन्नी कॉलरच्या कडेवर मारली गेली, कड पसरली, मग एक्सल त्यात जाईना म्हणून कोणीतरी कानस लावली. तीन दशांश मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बेअरिंगच्या आत आडवी मोकळीक एक दशांशच्या आसपास असते. दोन्ही बेअरिंगं मिळून जेवढी मोकळीक, ती संपवून वर जोर शिल्लक राहिला. आणि तिरक्या टोकामुळे मीटरच्या बाजूची रेस वाकडी बसली, म्हणून त्याच बाजूला जास्त गरम. या कॉलरवर कुठल्याही कंपनीचं बेअरिंग बसवा, तेही जाईल.

पावसाळी

सील काढून नवं ग्रीस भरून बघितलं तर? बेअरिंग फिरतंय तर अजून.

तेलकट हात

कोरड्या पडलेल्या पण धडधाकट बेअरिंगला ग्रीसने जीव येतो. रेसला खड्डा पडल्यावर ग्रीस फक्त आवाज काही दिवस झाकतं. आणि आवाज हीच तर आपली सूचना आहे.

मोकळा रस्ता, आता बसवायचं. कॉलर नवी, त्याच मॉडेलची. दुकानातच व्हर्निअर लावून बघा, खाच ते खाच अंतराएवढी किंवा केसभर जास्त हवी, कमी अजिबात नको. बेअरिंगचा नंबर जुन्यावर कोरलेला असतो. ६३०१ असेल तर भोक १२, बाहेरचा व्यास ३७ आणि रुंदी १२ मिमी. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं २आरएस घ्या. नुसत्या पत्र्याची झाकणं असलेलं झेडझेड पाण्याला तितकं अडवत नाही. ऑइल सीलही नवे टाका.

बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि हब गरम पाण्याच्या फडक्याने शेकून पुसून कोरडा करा, अर्धं काम सोपं होतं. ठोकताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर. त्या मापाचा सॉकेट किंवा जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस वापरा. पहिलं बेअरिंग खाचेला पूर्ण टेकवा. टेकलं की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव येतो. मग चाक उलटं करा आणि कॉलर घाला. तिचा विसर पडला तर सगळंच वाया. मग दुसरं बेअरिंग थोडं थोडं ठोका आणि दर वेळी बोटाने कॉलर आडवी सरकते का ते बघत राहा. बोटाने ढकलल्यावर जेमतेम सरकते, पण लांबीच्या दिशेने हलत नाही, तिथे थांबा.

चाक घालताना वर्मचे कान खाचेत बसवा, वर्मचा थांबा शॉकअपच्या गुठळीला लागू द्या. एक्सलला ग्रीसचा पातळ हात, डिस्कच्या आसपास ग्रीसचं बोट नको. नट टॉर्कला आवळा, मग गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक दाबून शॉकअप चांगले खालीवर करा आणि त्यानंतरच पिंच बोल्ट आवळा. आधी आवळलात तर शॉकअपचा पाय एक्सलवर तिरका अडकून राहतो. गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबत राहा. कॅलिपर काढला होता, पहिला दाब रिकामा जाणार.

मोकळा रस्ता

नवी कॉलर ६०.४५ मिळाली. दुकानात आधी दाखवलेली ५९.९ होती, पाकिटावर नाव याच मॉडेलचं, व्हर्निअर नसता तर तीच घेऊन आलो असतो.

सगळं तुम्ही सांगितलं त्या क्रमाने बसवलं. आता नट सैल किंवा आवळलेला, चाक सारखंच फिरतं. घुर्रर्र पूर्ण बंद, ६० लाही मुठीत काही लागत नाही. हब थंड राहतो. खराब रस्त्यावरून मुद्दाम नेली, लिव्हर पहिल्याच दाबाला जागेवर लागते. खूप बरं वाटलं, कारण मला ते दुखणं मास्टर सिलिंडरचं वाटत होतं.

चिरक् मात्र आहे. कमी झालाय, फेऱ्याला एकदा, ब्रेक टेकवला की बंद.

अक्षरेखा

छान. आता डिस्कचा आउट बघा. शॉकअपला जाड तार घट्ट बांधून तिचं टोक डिस्कच्या कडेपासून केसभर अंतरावर आणा आणि चाक सावकाश फिरवा. अंतर कुठे कमी-जास्त होतं तिथे खूण करा. नेमका आकडा हवा असेल तर डायल गेज लागेल. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात मर्यादा ०.३ मिमीच्या आसपास असते. पण आउट आहे म्हणून लगेच डिस्क वाकली असं समजू नका. डिस्क काढा आणि ती हबवर जिथे टेकते ती जागा बघा. तिथे गंजाची किंवा रंगाची पापडी असली तरी बाहेरच्या कडेला ती कितीतरी पट होऊन दिसते.

जाडीही मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते.

मोकळा रस्ता

तेच निघालं. एका बोल्टच्या भोवती हबवर गंजाचा थर होता, डिस्कच्या मागे त्याचा ठसाही होता. बारीक पॉलिश पेपरने साफ केलं आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्कला आवळले. कॅलिपरच्या दोन स्लायडिंग पिना कोरड्या होत्या, त्या पुसून ब्रेकसाठी मिळतं ते सिलिकॉन ग्रीस लावलं. जाडी मर्यादेच्या बरीच वर आहे. चिरक् बंद. टायर आणि डिस्क दोन्ही जुनेच आहेत आणि दोन्ही चांगले आहेत.

काका, ताई, मनापासून आभार.

नवा गिअर

याच धाग्यात विचारतो. माझ्या गाडीला अलॉय चाक आणि एबीएस आहे. घुमत नाही, पण पुढचा ब्रेक लावला की खट् असा एकच आवाज येतो, सोडला की पुन्हा एक खट्. खड्ड्यातही येतो. माझीही कॉलरच असेल का?

तेलकट हात

नाही, चाक फिरण्याशी तुमच्या आवाजाचा संबंध दिसत नाही. एकच खट् म्हणजे काहीतरी आपल्या जागेत पुढेमागे सरकतंय. मेन स्टँडवर पुढचं चाक उचला, शॉकअपची दोन्ही खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा आणि दुसऱ्याला टी (दोन्ही शॉकअप धरणारा जोड) आणि चेसिसच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. बोटाला ठोका लागला तर कोन सेट ढिला आहे. मग हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मधोमध अडकल्यासारखं झालं तर रेसला खड्डे पडले आहेत. नुसतं आवळून चालणार नाही, सेट बदलावा लागेल.

तिथे ठोका नसेल तर पॅड कॅलिपरमध्ये सरकतायत का बघा. पॅडखालची पातळ पत्र्याची स्प्रिंग निघाली असेल किंवा उलटी बसली असेल तरी असाच खट् येतो. चाक काढायची वेळ आलीच तर एबीएसची रिंग आणि सेन्सर जपा, सेन्सरला लोखंडाचा किस चिकटलेला असेल तर पुसून घ्या.

नवा गिअर

बोटाला ठोका लागला, टीच्या खालच्या सांध्यावर. हँडल मध्ये अडकत नाही.

तेलकट हात

मग सध्या आवळून भागेल. वरचा मोठा नट सैल करा, खालचा खाचांचा नट थोडा थोडा आवळा आणि दर वेळी हँडल सोडून बघा. चाक अधांतरी असताना हँडल हलक्या धक्क्याने आपोआप बाजूला पडलं पाहिजे आणि ओढल्यावर ठोका लागला नाही पाहिजे. केबल आणि होज हँडलला अडवत नाहीत ना, ते आधी बघून घ्या. मग वरचा नट टॉर्कला आवळा आणि पुन्हा एकदा तपासा, कारण वरचा नट आवळताना खालचा थोडा फिरतो.